घरोघरी भरलेला पुस्तकांचा मेळा



जत्रा म्हटली की तुम्हांला काय आठवते? पाळणा, रेवड्या, भांड्यांची दुकाने आणि माणसांची गर्दी. पण पुस्तकांचीही जत्रा भरते बरं का! तिचीच हकीगत आज आम्ही सांगणार आहोत.

इंग्लंडला लागून वेल्स नावाचा देश आहे. त्याच्या सीमेवर एक लहानसे गाव आहे. गावाचे नाव मोठे गमतीचे, ‘हे’! वाय नदीच्या काठी आहे, म्हणून त्याला ‘हे-ऑन-वाय’ म्हणतात. वस्ती दोन हजारांच्या आसपास. १९६२ च्या सुमारास रिचर्ड बूथ नावाच्या गृहस्थाने तेथे जुन्या पुस्तकांचे दुकान काढले. हळूहळू दुकानाला दुकान लागले. लोक लांबून पुस्तके घ्यायला येऊ लागले. तेथल्या किल्ल्याच्या आवारात तर पुस्तके उघड्यावर मांडलेली असतात. विकायला माणूस नाही. पुस्तक घ्यावे आणि पैसे पेटीत टाकावे. सगळा व्यवहार विश्वासाचा!

१९८८ पासून ह्या गावात पुस्तकांचा मेळा भरू लागला. मोठमोठे लेखक येतात, बोलतात. लोक ऐकतात, प्रश्न विचारतात. आपल्या सातारा जिल्ह्यात भिलार आहे. स्ट्रॉबेरीचे गाव म्हणून ते प्रसिद्ध. ४ मे २०१७ रोजी ते ‘पुस्तकांचे गाव’ झाले. ही कल्पना ‘हे’ गावावरूनच सुचली.

मग २०२० साल उजाडले. करोनाची साथ जगभर पसरली. गर्दी म्हणजे रोगाला आमंत्रण. ‘हे’ गावचा मेळा रद्द करावा लागला. मेळा भरविणारी संस्था पैशांच्या अडचणीत आली. तिने लोकांपुढे हात पसरले, आणि लोकांनी मदत केली.

पण चालकांनी हातपाय गाळले नाहीत. ते म्हणाले, “माणसे मेळ्याला येऊ शकत नाहीत ना? मग मेळाच माणसांच्या घरी नेऊ.” १८ मे ते ३१ मे २०२० ह्या दिवसांत मेळा इंटरनेटवर भरला. लेखक आपल्या घरी कॅमेऱ्यापुढे बसून बोलत. श्रोते आपापल्या घरी संगणकावर किंवा मोबाइलवर ऐकत आणि प्रश्न लिहून पाठवीत. कार्यक्रम ऐकायला पैसे पडत नसत. त्या दिवसांत तेथे संध्याकाळचे सहा वाजले की आपल्याकडे रात्रीचे साडेदहा होत. तरी ऐकणारा आपल्या घरून ऐकू शकत होता.

ह्यात लाभ कोणाचा झाला? ज्याला प्रवासखर्च झेपत नव्हता त्याचा. अंथरुणाला खिळलेल्याचा. घर सोडता न येणाऱ्या बाईचा. आणि तोटा? गावातल्या दुकानदारांचा आणि खानावळवाल्यांचा. ज्यांच्याकडे मोबाइल नाही, त्यांना तर दारच बंद. शेजारी बसून हसण्यातली गोडीही गेली.

त्याच दिवसांत आमचा साक्षरतेचा वर्ग बंद पडला. वर्गातल्या एक आजी फोनवर म्हणाल्या, “गुरुजी, अक्षरं विसराया लागले हो मी.” ते ऐकून आम्हांला झोप येईना. दुसऱ्या दिवसापासून रात्री आठ वाजता आम्ही पाच घरे एका फोनवर जोडू लागलो. प्रत्येकाने पाच ओळी मोठ्याने वाचायच्या, बाकीच्यांनी ऐकायच्या. आजी अडखळत, पण वाचत. पुढे एक दिवस त्यांनी पान पुरे केले. पाचही घरांतून टाळ्या ऐकू आल्या!

पण खरे सांगतो, दोघांकडे फोनच नव्हता. वर्ग पुन्हा भरला तेव्हा त्यांना बाराखडीपासून सुरुवात करावी लागली. त्यांच्या ओट्यापाशी लांब उभे राहून आम्हांला वाचून दाखविता आले असते. ते तेव्हा सुचले नाही, ही चूक आमची.

‘हे’ गावचा मेळा २०२१ मध्येही इंटरनेटवरच झाला. २०२२ मध्ये तो पुन्हा गावात भरला. तरी घरबसल्या पाहणाऱ्यांची सोय चालकांनी ठेवली. हे त्यांनी शहाणपणाचे केले. संकटात उघडलेले दार संकट टळल्यावर लावून का घ्यावे?

म्हणून आमचे तुम्हांला सांगणे आहे : अक्षरांना रोपासारखे रोज पाणी लागते. मेळा मांडवात भरो, मोबाइलवर भरो, की ओट्यावर भरो. एकाने वाचले आणि दुसऱ्याने ऐकले, की मेळा झालाच. आज रात्री हा धडा घरात मोठ्याने वाचा. ज्याला वाचता येत नाही, त्याला आधी हाक मारा.

विचार करा आणि सांगा :
१. २०२० मध्ये ‘हे’ गावचा मेळा कसा भरला?
२. त्यामुळे कोणाचा लाभ झाला? कोणाचा तोटा झाला?
३. तुमच्या आळीत वाचून दाखवावे असे कोण आहे?