थंडी खाली, ऊब वर!

डोंगर चढू लागले की हवा थंड होत जाते, हे तुम्ही भूगोलात शिकला आहात. दर १,००० मीटर उंचीला तापमान सरासरीने सुमारे ६.५ अंश सेल्सिअस उतरते. पण कधीकधी हा नियम चक्क उलटा होतो. तो कसा, हे पाहण्यासाठी इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यातला मॅम टॉर नावाचा डोंगर मनाने चढू या.

पायथ्याचे कॅसलटन गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटर उंचीवर आहे आणि डोंगरमाथा ५१७ मीटरवर. डिसेंबर संपत आला आहे. सकाळचे नऊ वाजले, तरी गाव धुक्यात बुडालेले आहे. गवताच्या पात्यांवर पांढरे हिमकण जमले आहेत. लोकरीची टोपी, जाड तळव्यांचे बूट आणि विजेरी बरोबर घ्या. दिवसा विजेरी कशाला? हे ठिकाण ५३ अंश उत्तर अक्षांशाच्याही पलीकडे आहे. २१-२२ डिसेंबरला येथे भर मध्यान्हीदेखील सूर्य क्षितिजापासून जेमतेम १३ अंश वर येतो आणि दुपारी चारच्या आतच मावळतो!

चढता चढता धुके विरळ होते आणि अचानक आपण लख्ख उन्हात येतो. वर निळे आकाश, खाली पांढरा समुद्र! होप खोऱ्यातील सिमेंट कारखान्याचे धुराडे तेवढे त्यातून डोके वर काढते. तापमापक पाहा. नियमाप्रमाणे येथे गावापेक्षा सुमारे दोन अंश अधिक थंडी हवी. पण पारा उलट वर चढलेला असतो.

असे का होते?

हिवाळ्यातील रात्र येथे सोळा तासांहून मोठी असते. आकाश निरभ्र असले की जमीन आपली उष्णता बाहेर टाकत राहते व गार पडते. तिला लागून असलेली हवाही गार होते. गार हवा जड असते, म्हणून ती उतारांवरून ओघळून खोऱ्यात साचते. तिच्यातील बाष्पाचे धुके बनते. वारा पडलेला असल्याने वरची उबदार हवा तिच्यात मिसळत नाही. यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात.

खालची हवा जड आणि वरची हलकी, म्हणून खालची हवा वर उठत नाही. जणू खोऱ्यावर झाकणच बसते. माथ्यावरून हे दृश्य मनोहर दिसते. पण झाकणाखाली धूर कोंडला तर? ५ ते ९ डिसेंबर १९५२ या दिवसांत लंडनवर असेच झाकण बसले. घराघरांतील शेगड्यांचा आणि कारखान्यांचा कोळशाचा धूर धुक्यात अडकला. त्यात सुमारे ४,००० माणसे दगावली, असा पहिला अंदाज होता. पुढील अभ्यासात हा आकडा १२,००० पर्यंत गेला. त्यानंतर १९५६ मध्ये तेथे स्वच्छ हवेचा कायदा झाला.

तुम्हीही पाहा

थंडीत, वारा नसताना, सूर्योदयापूर्वी उठा. चुलीचा किंवा शेकोटीचा धूर थोडा वर जाऊन आडवा पसरतो का, ते पाहा. गावाजवळ टेकडी असेल, तर एकाच वेळी पायथ्याचे व माथ्याचे तापमान मोजा. दोन्ही आकडे वहीत टिपा आणि झाकण आज कोठे होते, ते स्वतःच ठरवा.