थेंब की सुई?

बापू, नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन भुलीच्या थेंबांवर झालं म्हणून तुलाही थेंबच हवेत. असं नसतं रे. ३१ वर्षं ऑपरेशन थिएटरात सिस्टर म्हणून उभी राहिले, आणि माझे स्वतःचे दोन डोळे दोन तऱ्हांनी झाले, ऐक.

थेंब काही नवे नाहीत, १८८४ साली व्हिएन्नाच्या कार्ल कोलरनं कोकेनचे घातले होते. त्यांनी दुखत नाही, पण डोळा हलतो, उजेड दिसतो, पाणी पडलेलं कळतं. डॉक्टर म्हणाले "उजेडाकडे बघा" की बघतच राहायचं. ज्याला जमतं त्याला उत्तम: सुई नाही, तिची भूल उतरायची वाट बघणं नाही. माझा डावा असाच झाला. तुला जमेल? दाढी करताना न्हाव्याला पाचदा थांबवतोस! शिवाय तुझा कान. "खाली बघा" ऐकूच गेलं नाही तर?

सुई बुबुळात टोचत नाहीत, ती भीती आधी काढ. पापणीजवळून डोळ्याभोवती औषध सोडतात. आत जाताना ताण बसतो, मग दहाएक मिनिटांत डोळा जागच्या जागी थिजतो. आमच्या उमेदवारीच्या काळात सुई पार मागे, खोल घालायचे. आत रक्त साकळायची धास्ती असायची. आता बोथट नळीनंही औषध सोडतात. जाड मायनस नंबरवाल्यांचा डोळा लांबट असतो, तिथं टोकदार सुईपेक्षा ती बरी. सुईनंतर काही तास अंधुक किंवा दोन-दोन दिसलं तर घाबरू नकोस. माझ्या उजव्याला दिसत होतं. मी उगाच रडले.

पूर्ण भूल लहान मुलांना, नाहीतर ज्याला पडून राहवतच नाही त्याला.

रक्त पातळ व्हायची गोळी, प्रोस्टेटची गोळी (तिनं बुबुळाचा पडदा ढिला पडतो), आडवं झाल्यावरचा खोकला, सगळं आधी सांग. लाजतोस काय? गोळ्या मात्र आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. टेबलावर खोकला आलाच तर "खोकतोय" म्हणायचं, डॉक्टर हात काढतील, मग खोकायचं.

न हलता पडून राहवतं का बघायला आज रात्री उशी काढून आडवा हो, तोंडावर पंचा टाक आणि सुनेला घड्याळ लावायला सांग. वीस मिनिटं. कितव्या मिनिटाला उठून बसलास ते मला नको, डॉक्टरांना सांग.