काल्पनिक होडीलाही नियम हवेत! (परिसर अभ्यास – वाहतुकीची साधने)



'वाहतुकीची साधने' हा घटक आपण सगळेच घेतो. जमिनीवरची, पाण्यातली, हवेतली असे तीन रकाने करायचे, चित्रं चिकटवायची, झाला पाठ. बैलगाडीपासून विमानापर्यंतची नावं मुलांना आधीच येत असतात. पण ते साधन कशाच्या बळावर चालतं, कुठे अडतं, त्याची किंमत कोण मोजतं, असं विचारलं की वर्ग शांत. 'माझे काल्पनिक वाहन' असा निबंध दिला, तर बहुतेक वह्यांत एकच गोष्ट सापडते: बटण दाबलं की उडतं, बटण दाबलं की पाण्यात जातं. म्हणून हा घटक मी एका काल्पनिक जगातून घेते.

गोष्टीतलं जग

अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन यांनी 'अर्थसी' नावाचं जग उभं केलं. पहिलं पुस्तक 'अ विझार्ड ऑफ अर्थसी' 1968 साली आलं. लिहिण्याआधी त्यांनी या जगाचा नकाशा काढला होता. नकाशात बेटंच बेटं आणि मध्ये समुद्र. त्यामुळे तिथे शाळेला जायचं असो की बाजाराला, होडी हवीच. कथेचा नायक गेड हा गाँट बेटावरचा शेळ्या राखणारा मुलगा. जादू शिकायला त्याला रोक बेटावर जावं लागतं, तेही जहाजानेच.

मुलांना ही पार्श्वभूमी पाच मिनिटांत सांगावी. फळ्यावर बेटांचा ढोबळ नकाशा काढला तर उत्तम.

फळ्यावर चार प्रश्न

1. हे साधन कशाच्या बळावर चालतं?
2. ते कुठे किंवा केव्हा अडतं?
3. त्याची किंमत काय?
4. त्यातून कोणाला जाता येत नाही?

आता एकेक साधन घ्यायचं.

शिडाची होडी: वाऱ्यावर चालते, वारा पडला की वल्ही मारायची. जादूगार मंत्राने शिडात वारा भरू शकतो, पण त्यात त्याची शक्ती खर्च होते. शिवाय एका ठिकाणचं हवामान बदललं तर दुसरीकडे त्याचा परिणाम होतो, म्हणून शहाणे जादूगार उठसूट वारा बोलावत नाहीत.

मंत्राने जोडलेली होडी: गेडची होडी एका खडकाळ, वाळूच्या बेटाजवळ फुटते. तो लाकडाचे तुकडे मंत्राने बांधून पुढे निघतो. मंत्र ढिला पडला तर उरणार नुसती लाकडं! पुढच्या बेटावर एक म्हातारा त्याला आपली चांगली, मजबूत होडी देतो. मोबदल्यात गेड त्याचे मोतीबिंदू बरे करतो. म्हातारा सांगतो, होडीच्या पुढच्या भागावर डोळे रंगव आणि तिचं नाव 'लुकफार' ठेव. लुकफार म्हणजे दूरवर पाहणारी. इथे मुलांना जरूर विचारा, 'एवढा मोठा जादूगार, मग त्याला साधी लाकडी होडी का लागली?'

पक्षी होऊन उडणं: गेड ससाणा होऊन समुद्र ओलांडतो. वेग भरपूर, पण तो इतका वेळ पक्षी राहतो की पुन्हा माणूस होणंच विसरू लागतो. शेवटी त्याचे गुरू ओजियन त्याला ओळखतात आणि माणसात आणतात.

तराफे: 'द फार्देस्ट शोअर' (1972) या पुस्तकात समुद्रावर तराफ्यांवरच राहणारी माणसं भेटतात. पण तराफा दुरुस्त करायला लाकूड लागतंच. त्यासाठी वर्षातून एकदा त्यांना किनाऱ्याला यावं लागतं.

ड्रॅगन: याच पुस्तकाच्या शेवटी कालेसिन नावाचा ड्रॅगन गेडला पाठीवर बसवून रोकला आणतो. पण ड्रॅगन स्वतःच्या मर्जीने येतो. वर्गातल्या एका मुलाच्या शब्दांत, "त्याचं टाइमटेबल नसतं बाई."

गोष्टीतून परिसराकडे

दुसऱ्या तासिकेला हेच चार प्रश्न आपल्याकडच्या साधनांना लावायचे. एसटी, सायकल, ट्रॅक्टर, वडाप, रेल्वे. कोकणातली होडी घेतली तर मुलांना सांगता येतं की पावसाळ्यात समुद्र खवळतो, मासेमारी थांबते आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून कोळी बांधव पुन्हा होड्या पाण्यात घालतात. म्हणजे खऱ्या होडीलाही 'केव्हा अडतं' आहेच.

सगळ्यात जास्त बोलणं चौथ्या प्रश्नावर होतं. रोकच्या शाळेत फक्त मुलगेच शिकायला जातात, हे सांगितलं की मुली लगेच विचारतात, "का?" तिथे होडी असूनही मुलींना वाट बंद. मग आपल्याकडे पाहायचं. आजीला एसटीच्या उंच पायऱ्या चढता येत नाहीत. कुबड्या घेऊन चालणाऱ्या दादाला वडापमध्ये बसता येत नाही. एका मुलीने वहीत लिहिलं होतं, 'पाऊस आला की वाडीत वडाप येत नाही. ताईची शाळा बुडते.' हे वाक्य कुठल्याही स्वाध्यायपुस्तिकेत सापडणार नाही. मोठी शाळा गावाबाहेर असली की मुलीचं शिक्षण एका गाडीवर टांगलेलं असतं, हे मुलांना आपल्याआधी कळलेलं असतं. आपण फक्त विचारायचं असतं.

स्वाध्याय

आता पुन्हा 'माझे काल्पनिक वाहन' लिहायला द्या. अट एकच, चारही प्रश्नांची उत्तरं निबंधात आली पाहिजेत. 'बटण दाबलं की' चालणार नाही. माझ्या वर्गात ढगावर चालणारी गाडी आली, ती उन्हाळ्यात बंद पडते. गाणं म्हटल्यावर चालणारी होडीही आली. तिच्यात मुक्या माणसाला बसता येईना, म्हणून लिहिणाऱ्याने स्वतःच नियम बदलला, टाळी वाजवली तरी चालेल!

मूल्यमापन करताना चित्राच्या सुबकतेपेक्षा कारण सांगता येतंय का, ते पाहावं. पालकांनी एसटीत किंवा रेल्वेत बसल्यावर हेच चार प्रश्न मुलांना विचारून पाहावेत. प्रवास कसा सरला ते कळणारही नाही.