प्रवेशाचा अदमास

चि. भाचीस,

तुझे पत्र पावले. ‘मॅकॉले ऑनर्स कॉलेजात माझी निवड होण्याचा संभव शेकडा किती?’ असे तू विचारतेस. न्यूयॉर्कच्या शाळांत तीस वर्षे गणित शिकवलेल्या मामाने एक आकडा सांगावा, ही तुझी अपेक्षा स्वाभाविक आहे. परंतु ज्या गणिताच्या भरवशावर तू हा प्रश्न केलास, तेच गणित मला तसा आकडा देण्यास मनाई करते. शंभर अर्जदारांतून अमुक घेतले, हे प्रमाण समुदायाचे. तुझ्या शाळेत कोणते विषय उपलब्ध होते आणि त्यांतले कठीण ते तू पत्करलेस की टाळलेस, याची त्यात नोंद नसते. निवडलेल्यांपैकी मधल्या अर्ध्यांचे गुण म्हणून जी मर्यादा छापतात, तिच्या खाली राहूनही एक चतुर्थांश मुले आत आलेली असतात; आणि तिच्या वर असूनही नाकारले गेलेल्यांचा तिथे उल्लेखही नसतो.

म्हणून अदमास बांधावयाचाच तर वहीची तीन पाने आख. पहिल्यावर जे घडून गेले ते लिही: दहावीत रसायनशास्त्रात घसरलेले गुण झाकू नकोस आणि अकरावीत कलनशास्त्र घेऊन तू जी भरपाई केलीस तीही संकोचाने वगळू नकोस. दुसऱ्यावर जे अद्याप तुझ्या स्वाधीन आहे ते: दोन निबंध, शिफारस देणारे दोन शिक्षक आणि कॉलेजची निवड. तिसरे पान, म्हणजे अर्ज वाचणाऱ्यांचा निर्णय, कोरे ठेव. ते भरण्याचा अधिकार तुला नाही, मलाही नाही.

दुसऱ्या पानावर तुझी एक चूक मला दिसते. मॅकॉलेचे विद्यार्थी शहराच्या सार्वजनिक विद्यापीठाच्या आठ कॉलेजांत विभागलेले असतात, आणि अर्ज त्यांपैकी एकाच ठिकाणी करता येतो. मैत्रिणी त्यांतल्या हंटर कॉलेजला जाताहेत म्हणून तू हंटर लिहिलेस. पण तुला तर पूल बांधावयाचे आहेत, आणि स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण त्या आठांपैकी सिटी कॉलेजात आहे! जिथे आपला विषयच नाही तिथला प्रवेश मिळण्याचा संभव मोजून काय साधणार? शिवाय मॅकॉलेचे दार पहिल्या वर्षीच उघडते. मागाहून बदली करून तिथे येण्याची सोय नाही.

त्या सिटी कॉलेजचा पूर्ववृत्तांतही जाणून घे. १८४७ मध्ये ते ‘फ्री अकॅडमी’ या नावाने स्थापन झाले; ज्यांच्या घरी फीचे पैसे नव्हते अशा कारागिरांच्या आणि निर्वासितांच्या पिढ्या तिथे शिकल्या. १९७६ मध्ये शहराचा खजिना रिता झाला आणि फी लागू झाली. २००१ मध्ये ऑनर्स कॉलेज निघाले, तेव्हा निवडलेल्या थोड्यांना तरी ती जुनी फीमाफी पुन्हा लाभू लागली. (आपल्याकडे मॅकॉले म्हटले की १८३५ चे शिक्षणविषयक टिपण आठवते, हे नाव मात्र इथल्या एका देणगीदार दांपत्याचे आहे.) लोकांच्या पैशातून मिळणारी ही सवलत आहे, हे निबंध लिहिताना मनात असू दे. आपण किती हुशार आहोत हे सांगण्यात पाने खर्ची घालू नकोस. क्वीन्समधल्या आपल्या रस्त्यावर पावसाळी पाणी का तुंबते, याचा तू उन्हाळाभर जो शोध घेतलास, तोच लिही.

निवड न झाली, तर सर्वसाधारण प्रवेशाने त्याच सिटी कॉलेजात जा. फीची तजवीज आपण सर्व मिळून करू. प्राध्यापक आणि प्रयोगशाळा त्याच आहेत, आणि पुलाचे गणितही तेच आहे.

मुदत डिसेंबरच्या आरंभी संपते. शिक्षकांना याच आठवड्यात भेट. घाईने मागितलेली शिफारस घाईनेच लिहिली जाते. निबंधाचा पहिला खर्डा रविवारी मला वाचून दाखव.

तुझा,
मामा