फुलांचा अर्थ व फुलांचा आनंद

मंडळीतील अभ्यासासाठी धडा

फुले कोणास आवडत नाहीत? तरी खेड्यापाड्यांतील आपल्या बंधुभगिनींपैकी कित्येकांच्या मनात फुलांविषयी एक संकोच असतो. झेंडूची माळ दाराला लावावी की नाही? शेवंतीची वेणी उपासनेस येताना माळावी की नाही? हे फूल पूजेचे, ते मरणाचे, हे सवाष्णीचे, अशा कल्पना लहानपणापासून मनात रुजलेल्या असतात. ह्यास्तव फुलांना अर्थ कोठून येतो, ह्याचा आज शांतपणे विचार करू.

१. अर्थ मनुष्य देतो

झेंडूचेच उदाहरण घ्या. दसऱ्याच्या दिवशी महाराष्ट्रात घरोघरी हे फूल असते. म्हणून ते अनादि काळापासून आपलेच आहे असे वाटते. परंतु त्याचे मूळ स्थान मेक्सिको देश होय. अमेरिका खंडाकडे युरोपीय लोकांची जहाजे १४९२ साली गेली, व त्यानंतरच हे फूल इकडे आले. त्याच मेक्सिकोत नोव्हेंबरच्या १ व २ तारखेस मृतांची आठवण करितात, आणि कबरींवर झेंडूच्या राशी घालितात. एकाच फुलाचा अर्थ येथे उत्सव, तेथे मृतांचे स्मरण!

शेवंतीचेही तसेच. जपानात सोळा पाकळ्यांची शेवंती हे राजघराण्याचे चिन्ह आहे. फ्रान्समध्ये १ नोव्हेंबरच्या सुमारास तीच कबरींवर ठेवितात. आपल्या प्राजक्ताच्या शास्त्रीय लॅटिन नावाचा अर्थ ‘दुःखी वृक्ष’ असा आहे, कारण तो रात्री फुलतो व सकाळी आपली सर्व फुले खाली टाकितो. आपल्या मुलींना मात्र सकाळचा तो सडा पाहून हर्षच होतो. झाड तेच, फूल तेच. पाहणाऱ्याचे मन निराळे.

पॅरिस शहरी १८१९ साली ‘फुलांची भाषा’ ह्या नावाचा एक ग्रंथ निघाला. पुढे इंग्लंडातही तशी पुष्कळ पुस्तके झाली. पण एका पुस्तकातील अर्थ दुसऱ्याशी जुळेलच असे नसे. ह्यावरूनही दिसते की फुलावर अर्थ लिहिलेला नसतो. तो आपण लिहितो. जो मनुष्याने लिहिला, तो चांगला असल्यास राखावा, वाईट असल्यास पुसावा.

२. राखण्याजोगे अर्थ

आपल्या भाषेत असे चांगले अर्थ पुष्कळ आहेत. गरिबाने प्रेमाने दिलेल्या लहानशा देणगीस आपण ‘फूल ना फुलाची पाकळी’ म्हणतो. क्षणिक उत्साहास ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ म्हणतो. प्रभूने डोंगरावरील प्रवचनात रानातील फुलांकडे बोट दाखविले ते चिंता करणाऱ्यांना विश्वास शिकविण्यासाठी. आणि यशया संदेष्ट्याने कोमेजणाऱ्या फुलावरून मनुष्याच्या आयुष्याची क्षणभंगुरता दाखविली. सावित्रीबाई फुले ह्यांनी १८५४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या काव्यसंग्रहास ‘काव्यफुले’ असे नाव दिले. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांस तर लोक ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणूनच ओळखतात.

३. पुसण्याजोगा अर्थ

आता एका दुःखद गोष्टीकडे वळू. पती निवर्तला की त्या बहिणीच्या केसांतील फूल कायमचे काढून घ्यावयाचे, ही रूढी आपल्या प्रांतात फार जुनी आहे. कारण सांगतात की फूल हे सौभाग्याचे लेणे. पण विचार करा: ती परकरी पोर होती तेव्हा अबोली माळीतच होती ना? ते फूल तिला पतीने दिले नव्हते. मग पतीच्या मरणाने ते जावे कसे?

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव करून विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे ह्या चाली बंद केल्या. फुलांची बंदी ही त्याच साखळीतील कडी आहे. जेथे ती आपल्या मंडळीत उरली असेल, तेथे उपदेशकांनी ती गोडीने सोडवावी. जिला माळावयाचे नाही तिला आग्रह करू नये; परंतु जिला माळावेसे वाटते तिच्याकडे कोणी वाकड्या नजरेने पाहू नये. सासूने वा जावेने स्वतःच्या हाताने तिला गजरा द्यावा, म्हणजे सगळ्या गावाला अर्थ समजेल.

४. नित्याच्या जीवनात

फुलांच्या आनंदास पैसा लागत नाही. सांडपाण्यावर एक मोगरा जगतो. हिवाळ्यात त्याची छाटणी केली की उन्हाळ्यात बहर येतो. टोमॅटोच्या शेतात मधून मधून झेंडू लावावा. त्याच्या मुळांमुळे जमिनीतील सूत्रकृमी कमी होतात, व घरालाही फुले मिळतात. भोपळा, दोडका व काकडी ह्यांची नरफुले व मादीफुले वेगळी असतात; मधमाशी एकीकडचे पराग दुसरीकडे नेते तेव्हाच फळ धरते. म्हणून वेलीवरची सर्वच फुले तोडू नयेत. कण्हेर दिसावयास सुंदर, पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. लेकरांना हे अवश्य सांगावे.

आजाऱ्याच्या भेटीस जाताना चार फुले न्यावी. आठवड्यातून एकदा तांब्यात फांदी ठेवून त्याभोवती घरच्यांनी जेवावयास बसावे. दुसऱ्याच्या कुंपणातील फूल मात्र विचारल्यावाचून तोडू नये. आणि जिवंतपणी ज्याला एक फूल दिले नाही, त्याच्या कबरीवर हार घालण्यात काय समाधान? द्यावयाचे ते आजच द्यावे.

विचारासाठी प्रश्न

१. झेंडूचा अर्थ दोन देशांत निरनिराळा का झाला?
२. तुमच्या गावी कोणत्या फुलाला कोणता अर्थ देतात? तो राखावा की पुसावा?
३. ह्या आठवड्यात तुम्ही कोणास फूल द्याल?