खाँसाहेबांची पट्टी

आपल्या होस्टेलमध्ये हल्ली ‘व्हायनलचा साउंड वॉर्म असतो’ म्हणणारे वाढले आहेत. वॉर्म म्हणजे किती डिग्री, असं विचारलं की चिडतात. म्हणून हा लेख. (शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठीच्या चुका पोटात घाला.)

जाफराबादला आमच्या घरी चावीचा ग्रामोफोन आहे आणि पणजोबांनी निजामाच्या काळात आणलेली अब्दुल करीम खाँसाहेबांची एक तबकडी. खाँसाहेब (1872–1937) मिरजेत स्थायिक झाले होते. त्यांची 1905 च्या सुमाराची ध्वनिमुद्रणं मायक्रोफोनशिवाय, कर्ण्यात गाऊन झालेली. आमची तबकडी मात्र 1930 च्या दशकातली, विजेवर मुद्रित केलेली.

मेसचे पैसे वाचवून मी त्याच गाण्याची पुन्हा काढलेली एलपी घेतली आणि मैत्रिणीच्या प्लेअरवर आबांना ऐकवली. आबा म्हणाले, “पोरी, हे खाँसाहेब नाहीत. आवाज चढलाय.” मी हसले. वयाचा परिणाम, असं मनात म्हटलं. पण फोनच्या ट्यूनरवर दोन्हींचा षड्ज पाहिला तर एलपीचा जवळजवळ एक अर्धस्वर वर! आबांचे कान बरोबर, माझं हसणं चूक.

आता गणित. तबकडी जितकी जोरात फिरेल तितका स्वर वर जातो. एक अर्धस्वर म्हणजे 1.0595 पट. त्या काळात सगळ्या कंपन्या काटेकोर 78 फेऱ्यांवर मुद्रण करत नव्हत्या. सत्तरपासून ऐंशीच्या पुढेही वेग असायचे. तेव्हा मला वाटलं, एलपीवाल्यांनीच वेग चुकवला. त्यांना पत्र लिहायच्या तयारीत होते.

पण आधी आपलं इन्स्ट्रुमेंट कॅलिब्रेट करावं, हे प्रॅक्टिकलमध्ये शिव्या खाऊन शिकलेय. लेबलवर खडूची खूण केली आणि मिनिटभर फेऱ्या मोजल्या. 74 भरल्या! 78 ÷ 74 = 1.054, म्हणजे 0.91 अर्धस्वर. सगळा फरक आमच्याच ग्रामोफोनचा निघाला. गोल कागदावर सारख्या अंतराने 77 रेघा मारून तो तबकडीवर ठेवला. जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा लुकलुकते, म्हणून 6000 ÷ 77 = 77.92 फेऱ्यांना रेघा स्थिर दिसतात. (एलईडीखाली हा प्रयोग बहुधा फसेल.) वेगाचा स्क्रू फिरवला, रेघा थांबल्या, षड्ज जुळले. मुद्रण नेमकं 78 वरच झालं होतं का, हे मात्र यावरून सिद्ध होत नाही.

राहिला आवाजाचा पोत. ग्रामोफोनच्या कर्ण्याची तुलना स्पीकरशी करणं अन्याय आहे. म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या एका संग्राहकांच्या टर्नटेबलवर दोन्ही वाजवल्या. जुनीला 75 मायक्रॉनची सुई, एलपीला 25 ची. एलपीची सुई 78 च्या रुंद खाचेत तळाशी घासते, तेवढं करू नका. दोन्हींचा व्हॉल्यूम सारखा केला, कारण किंचित मोठा आवाज कानाला उगाच चांगला वाटतो.

जुनीत खरखर भरपूर. ती लाखेची असते आणि लाखेत दगडाची पूड मिसळलेली. पण त्या खरखरीच्या मागे तानपुऱ्याची जवारी ऐकू येते. एलपी स्वच्छ, पण लॅपटॉपवर ग्राफ पाहिला तर साधारण 3000 हर्ट्झच्या वर कडाच तुटलेला. जवारीचे वरचे स्वरांश आणि खरखर एकाच भागात राहतात. फिल्टरने एकाला हाकललं की दुसराही जातो. तानपुरा बंद दाराआडून आल्यासारखा वाटतो. उलट तबकडीच्या शेवटी, लेबलजवळ, आमची जुनी चिरकते. शंभर ग्रॅमहून जड साउंडबॉक्सच्या पोलादी सुईने इतकी वर्षं तिची खाच खाल्ली आहे. तिथे एलपीच सरस, तान फाटत नाही. तेव्हा सरसकट ‘जुनं ते सोनं’ मला पटत नाही. पण माझ्याकडून मत मागाल तर मी खरखर घेईन, तानपुरा सोडणार नाही.

आबांना 78 वर लावून दाखवलं, गणितही सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, “असेल बरोबर. मी लहानपणापासून खालचेच ऐकतोय. स्क्रू होता तिथे आण.” आणला.

77 रेघांचा कागद कम्युनिकेशन लॅबच्या दारावर लावलाय. झेरॉक्स काढताना मोठा-लहान झाला तरी चालेल, रेघा 77 च राहतात.