गेटवरची वेळ लिहून घ्या

प्रश्न : सांगलीहून साखर घेऊन भिवंडीजवळच्या एका सुपरमार्केट गोदामावर जातो. पहाटे पोचलो तरी गाडी डॉकला लागते दुसऱ्या दिवशी. मालक म्हणतो, हॉल्टिंग मिळत नाही. काय करू?

उत्तर : आधी सांगा, पोचल्याची वेळ कुठे लिहिली आहे? बहुधा कुठेच नाही. पोचपावतीवर शिक्का पडतो तो माल उतरल्यावर. मधले वीस तास कागदावर घडलेलेच नसतात. गेटपासवर वेळ टाकून घ्या. वॉचमन टाळत असेल तर गाडीचा नंबर आणि गेट दोन्ही दिसतील असा फोटो मालकाला लगेच पाठवा. हॉल्टिंगचा, म्हणजे गाडी थांबून राहिल्याच्या पैशांचा दर मात्र मालकानेच भाडं ठरवताना बिल्टीवर लिहून घ्यायचा : किती तास मोफत, पुढे दिवसाला किती. नंतर भांडून काही हाती लागत नाही.

ई-वे बिलावरही नजर ठेवा. 200 किलोमीटरला एक दिवस, या हिशेबाची मुदत रांगेतच संपू शकते. संपण्याआधी 8 तास ते संपल्यावर 8 तास, एवढ्यातच ती वाढवता येते.

आणि वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची हमाली, तुमच्याच खिशातून जात असेल, तर ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही वाहतूकदारांची घोषणा मालकाला ठाऊक असेलच. त्याला आठवण करून द्या.